बाराव्या वर्षी बाप्या

उलव्यात संध्याकाळी कामं सुटली की बामणडोंगरी स्टेशनाकडच्या रस्त्यावर सिमेंटनं पांढरी पडलेली पावलं दिसू लागतात. त्यांतली काही अगदी कोवळी असतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या इमारतीवर मिसरूडही न फुटलेला एक पोरगा कामाला होता. वाळू चाळायची, लाद्या उचलून द्यायच्या, मिस्त्रींना चहा आणायचा, पडेल ते करायचं. मी त्याला वय विचारलं. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आलं, "अठरा." इतक्या घाईनं कोणी खरं वय सांगत नाही. त्याला ते पढवलेलं होतं.

तेव्हापासून मला या आकड्याचा इतिहास शोधावासा वाटला. पोरगा कामगार म्हणून उभा राहिला की आपण त्याला आधी वय विचारतो. ही सवय आपल्याला कुठून लागली? आणि मजुरी विचारायची राहून का गेली? उत्तरासाठी फार लांब जावं लागत नाही. उलव्याहून अटल सेतूवर चढलं की वीसेक मिनिटांत शिवडी येते. शिवडी, परळ, लालबाग, हा गिरण्यांचा मुलूख. ही गोष्ट तिथे सुरू होते.

रेल्वेनं बोरघाट ओलांडण्याआधी घाटावरचा माणूस पुण्याहून रस्त्यानं पनवेलपर्यंत येई आणि पनवेलच्या बंदरात होडीत बसून मुंबई गाठी. उलव्याच्या अंगानं जाणारी ही पनवेलची खाडी म्हणजे त्या काळची मुंबईची वेस. साताऱ्याकडची माणसं या वाटेनं, रत्नागिरीकडची गलबतांतून, अशी मुंबई भरत गेली. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला कापडगिरणीची कंपनी उभी केली, १८५६ साली गिरणी चालू झाली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत चिमण्यांची रांग लागली. गिरणीला जशी बाप्या माणसं हवी होती तशी पोरंही हवी होती. सूतकताईच्या खात्यात भरलेल्या बॉबिना उतरवून रिकाम्या चढवायच्या, तुटलेला धागा जोडायचा, साच्याखालचा कापूस झाडायचा, हे काम लहान बोटांचं आणि बुटक्या अंगाचं मानलं जाई. पोर घेतलं की मजुरीही कमी पडे.

गिरणीचा दिवस तेव्हा सूर्यावर चाले. उजाडलं की भोंगा, मावळलं की सुट्टी. हिवाळ्यात अकरा तासांच्या आसपास आणि उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. म्हणजे ज्या महिन्यांत अंग सर्वांत जास्त भाजून निघतं, त्याच महिन्यांत काम सर्वांत लांब. पोरांना वेगळं घड्याळ नव्हतं.

या पोरांचा प्रश्न पुढे आला तो काहीसा आडवाटेनं. इंग्लंडात लहान मुलांच्या कामावर कायद्याची बंधनं आली होती आणि मुंबईच्या गिरण्यांना ती नाहीत, हे मँचेस्टरच्या मालकांना सलत होतं. त्याच वेळी लॉर्ड शाफ्ट्सबरींसारखी माणसं मनापासून कळवळून बोलत होती. स्वार्थ आणि कळवळा एकाच गाडीत बसून मुंबईला आले. मुंबई सरकारनं १८७५ साली कलेक्टर आर्बथनॉट यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन नेमलं. त्यात गिरणीमालकांच्या बाजूचे सभासद जास्त, त्यामुळे कायदा नको असं बहुमत पडलं. यामागे मँचेस्टरचा डाव आहे, हे मालकांचं म्हणणं पुष्कळ देशभक्तांनाही पटलं. मला ते अर्धंच पटतं. डाव असेलही, पण साच्याखाली वाकलेलं पोर आपलं होतं. हे त्याच वेळी ज्यांनी ओळखलं त्यांत सोराबजी शापूरजी बंगाली हे पारशी गृहस्थ होते. त्यांनी १८७८ साली स्वतः कायद्याचा मसुदा तयार केला. तो कौन्सिलात मांडायची परवानगी त्यांना मिळाली नाही, तरी त्यांनी तो विषय विलायतेपर्यंत नेला.

अखेर १८८१ चा फॅक्टरी कायदा आला. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामाला घ्यायचं नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासच काम, मध्ये एक तास विश्रांती, महिन्याला चार सुट्ट्या. आणि बारावं वर्ष पुरं झालं की? कायदा गप्प. त्या दिवसापासून ते पोर कायद्याच्या लेखी बाप्या. त्याचे तास बापाच्या तासांइतके, आणि बापाच्या तासांना मर्यादाच नव्हती. पोर आणि बाप्या यांच्या मध्ये आज आपण ज्याला किशोरवय म्हणतो ते वय कायद्यात नव्हतंच.

मजुरीबद्दल तर त्या कायद्यात एक शब्द नव्हता.

सगळा भार असा एका वाढदिवसावर ठेवलेला, आणि वाढदिवस कोणाला ठाऊक? कोकणातल्या वाडीत जन्माची नोंद नसे. "मोठ्या पुराच्या साली झाला", "थोरल्याच्या पाठचा" अशी वयं सांगितली जात. मग डॉक्टरांनी दात पाहायचे. इंग्लंडात १८३३ च्या कायद्यानंतर गिरणीच्या पोरांचं वय दातांवरून ठरवायची रीत पडलीच होती, तीच इकडे आली. बैलाच्या बाजारात दात मोजतात तसा पोराचा जबडा उघडायचा आणि ठरवायचं, की हा आज नऊ तास उभा राहील की तेरा. उपासात वाढलेल्या पोराचे दात उशिरा येतात आणि अंगही उशिरा भरतं. पण धष्टपुष्ट दिसणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलाला बाराचा म्हणून पुढे ढकलणं कोणालाच अवघड नव्हतं. मालकाला पुरा हात हवा, कामगार भरणाऱ्या जॉबरला त्याची चिरीमिरी हवी आणि आईबापांना पगाराचा आकडा मोठा हवा. आईबापांना इथे दोष देणं सोपं आहे, पण चाळीतल्या एका खोलीचं भाडं आणि गावाकडच्या सावकाराचं व्याज ज्यांनी भरलं नाही त्यांनी तो देऊ नये.

याच वर्षांत नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. जन्म १८४८ चा, ठाण्याचा. गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केलेला, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांतून आलेला हा माणूस १८८० पासून मुंबईत 'दीनबंधु' हे वृत्तपत्र चालवत होता. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्या घेऊन अर्ज तयार केला. आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, अपघात झाला तर बरं होईपर्यंत पगार. आणि आणखी एक मागणी, जिच्यावर मी पुन्हापुन्हा थांबतो: पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा.

या मागणीतून गिरणीतला पगार कसा मिळत होता ते कळतं. महिना भरला तरी पैसे हातात येत नसत, ते मालकाकडे अडकून पडत. तोवर कामगार वाण्याकडे उधारीवर जगे. नोकरी सोडली तर अडकलेला पगार बुडे. मोठ्या माणसाची ही गत, तर ज्याच्या नावाचा पगार कोणी दुसराच घेणार त्या तेरा वर्षांच्या पोराची काय असेल? सरकारी कायदा वय आणि तास मोजत होता. लोखंडे पगाराच्या तारखेकडे बोट दाखवत होते. ज्यानं चाळीत उधारीचं मीठ खाल्लंय त्यालाच ही मागणी सुचते. ती पुरी व्हायला मात्र १९३६ चा वेतन प्रदान कायदा यावा लागला. हजाराहून कमी कामगार असतील तर सात दिवसांत आणि जास्त असतील तर दहा दिवसांत पगार, असं त्यानं ठरवलं. मधे बावन्न वर्षं गेली.

२४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. दोन बायांनी उठून भाषणं केली. १० जूनला गिरणीमालक संघानं रविवारची सुट्टी मान्य केली. पोरांना त्यानंतर जो रविवार मिळाला तो असा मिळाला. प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करता करता ९ फेब्रुवारी १८९७ ला लोखंडे गेले.

त्यांच्या हयातीतच १८९१ ची दुरुस्ती आली. किमान वय नऊ, नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तास, आठवड्याला एक सुट्टी. बाप्या होण्याचं वय बारावरून चौदावर गेलं. दोन वर्षांची ही पोरपणाची मुदत लढून मिळवलेली होती, ती मी छोटी म्हणणार नाही. पण चौदावं सरलं की पुन्हा तोच कडा. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे लागले तेव्हा त्या कड्याची उंची वाढली. सूर्यास्ताचा जो एकुलता एक आधार होता तो गेला. तेजीच्या दिवसांत साचे चौदा-साडेचौदा तास फिरू लागले आणि चौदा वर्षांचा पोरगा तितकेच तास त्यांच्यासमोर उभा राहिला.

इथून पुढचा प्रसंग या सगळ्या इतिहासात मला सर्वांत बोलका वाटतो. १९०८ साली मॉरिसन यांच्या अध्यक्षतेखालच्या कमिशननं कारखान्यांचा तपास करून अहवाल दिला. मोठ्या पुरुषांचे तास कायद्यानं ठरवायला बहुसंख्य सभासद तयार नव्हते. प्रौढ माणूस आपला करार आपण करतो, सरकारनं मधे पडू नये, हे त्या काळचं तत्त्वज्ञान. पण साडेचौदा तास डोळ्यांआड करणंही अवघड होतं. मग त्यांनी युक्ती काढली. चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांचा एक वेगळा वर्ग करायचा आणि त्यांना बारा तासांहून जास्त काम द्यायचं नाही. हे हात थांबले की गिरणीच थांबेल, म्हणजे मोठ्यांचेही तास आपोआप कमी होतील. किशोरवयीन कामगार हा वेगळा माणूस आहे, हे या कमिशननं मांडलं ते असं. त्याची हाडं वाढताहेत, त्याला झोप लागते, त्याला शिकायचंय, हे मुख्य कारण नव्हतं. दुसऱ्यांचे तास आवरायला त्याचा पाचर म्हणून उपयोग होता. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर या एकाच सभासदानं भिन्नमत नोंदवलं. मोठ्यांचे तास कमी करायचे तर सरळ करा, असं त्यांचं म्हणणं. सरकारनं अखेर १९११ च्या कायद्यात कापडगिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची थेट मर्यादा घातली आणि मुलांचे सहा तास केले. पाचरीची गरज संपली, तसा तो चौदा ते सतराचा वर्गही कागदावरून गेला. आणखी तेवीस वर्षं तो कायद्यात आला नाही.

मधल्या काळात जगात घडामोड झाली. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिथे हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी गेले होते. आजच्या आमच्या रायगड जिल्ह्यातल्या, माणगावजवळच्या गोरेगावात जन्मलेले, परळच्या वस्तीत सोशल सर्व्हिस लीगचं काम उभं केलेले. उद्योगात चौदा वर्षांखालचं मूल नको असा ठराव परिषदेनं केला. हिंदुस्थानासाठी मात्र त्यात वेगळं कलम: इथे बारा चालेल, तेही दहाहून जास्त माणसं असलेल्या यंत्रशक्तीच्या कारखान्यांसारख्या मोजक्या ठिकाणांपुरतंच. इंग्रज पोराचं पोरपण चौदापर्यंत आणि आपल्याचं बारापर्यंत. १९२२ च्या कायद्यानं हेच वय घेतलं, बारा ते पंधरा मुलं आणि त्यांना सहा तास. सहा तास म्हटल्यावर काही घरांनी नवी वाट काढली. सकाळी एका गिरणीत, दुपारनंतर दुसरीत, दोन दाखले, दोन नावं. एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करायला बंदी होतीच. १९२६ च्या दुरुस्तीनं पालकांनाही दंड लावला. म्हणजे पोटासाठी खोटं बोलणारा बाप शिक्षेला पात्र ठरला. सहा तासांच्या कामाला किती पैसे दिले, हे मालकाला विचारणारं कलम अजून कोणी लिहिलं नव्हतं.

कायद्यानं गिरणी आवळली तशी पोरं गिरणीतून बाहेर पडली, आणि जिथे कायदा पोहोचत नव्हता तिथे गेली. विडीचे कारखाने, गालिचे, हॉटेलं. कामगारांची स्थिती तपासायला नेमलेलं व्हिटली कमिशन १९२९ ते १९३१ या काळात देशभर फिरलं. ना. म. जोशी त्याचे सभासद होते. आईबापांनी उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत पोर मालकाकडे राबायचं, ही पद्धत कमिशननं पाहिली. त्यातून १९३३ चा मुलांची मेहनत गहाण ठेवण्याविरुद्धचा कायदा निघाला. पंधरा वर्षांखालच्या मुलाची मेहनत गहाण टाकणाऱ्या पालकाला पन्नास रुपयांपर्यंत दंड, मालकाला दोनशेपर्यंत. त्या कायद्यात एक अपवाद होता. मुलाचं नुकसान होत नसेल, कामाची वाजवी मजुरी एवढाच मोबदला असेल आणि आठवड्याच्या सूचनेवर काम सोडता येत असेल, तर तो करार गहाणाचा धरायचा नाही. पोरांच्या कामाच्या कायद्यांत 'वाजवी मजुरी' हे शब्द मला इथे पहिल्यांदा भेटले, तेही अपवादात. पण त्या अपवादात शहाणपण होतं. वाजवी पैसे आणि काम सोडण्याची मोकळीक, ही दोन्ही असली तर ते काम, नाहीतर ते गहाण. पुढचे सगळे कायदे या एका ओळीवर बांधता आले असते.

१९३४ च्या फॅक्टरी कायद्यानं पंधरा ते सतराचा किशोर पुन्हा कागदावर आणला, १९४८ च्या कायद्यानं तो अठरापर्यंत नेला. चौदाच्या आत कारखान्यात बंदी, चौदा-पंधराला साडेचार तास. पण डॉक्टरानं प्रौढाच्या कामाला लायक असा दाखला दिला की पंधरा वर्षांचा किशोर पुन्हा प्रौढ धरायचा. दातांच्या जागी सगळं अंग आलं, एवढाच फरक. १९४८ सालीच किमान वेतन कायदा आला आणि पहिल्यांदा पोरांच्या मजुरीचा आकडा सरकारनं ठरवायची सोय झाली. सोबत मुभाही आली: प्रौढ, किशोर, मूल आणि शिकाऊ यांचे दर वेगवेगळे ठरवायची. घमेलं तेच, जिने तेवढेच, तरी सोळा वर्षांच्या खांद्याला कमी भाव असू शकतो, हे त्यानं मान्य केलं.

हे सगळं कारखान्याच्या भिंतीच्या आतलं. इमारतीच्या कामाला भिंत नसते, ती बांधायची असते. दिल्लीला १९८२ साली एशियाडची स्टेडियमं उभी राहत होती तेव्हा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. मजुरांचं किमान वेतन दिवसाला सव्वानऊ रुपये होतं. ते जमादारांच्या हाती दिलं जाई आणि जमादार माणशी रुपया कापून घेई. मुलांच्या कामाच्या १९३८ च्या कायद्यात बांधकामाचं नाव नाही, असा बचाव झाला. न्यायमूर्ती भगवती यांनी १८ सप्टेंबरच्या निकालात सांगितलं की बांधकाम धोक्याचं आहे, चौदाखालच्या मुलाला तिथे राज्यघटनेच्या चोविसाव्या कलमानंच बंदी आहे. आणि पुढे गेले: किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणं ही वेठबिगार आहे. लोखंड्यांची पंधरा तारीख, तेहेतीस सालचा तो अपवाद आणि हा निकाल, मला एकाच सुताचे धागे वाटतात.

उलवे हे असं भिंत नसलेलं गाव आहे. मिठागरं, भातखाचरं आणि खाडी यांच्या जागी सिडकोनं सेक्टर आखले. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडली, नदीचं पात्र वळवलं, दहा गावं उठवली. या सगळ्याला हात लागले, आणि ते हात सगळे अठराच्या पुढचे नव्हते, हे इथे राहणाऱ्या कोणालाही दिसलेलं आहे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला, कल्याण मंडळं निघाली. लाभार्थी म्हणून नोंद व्हायला वर्षात नव्वद दिवसांचं काम आणि वय अठरा ते साठ. सतरा वर्षांचा पोरगा वर्षभर सळ्या वाहील, पण मंडळाच्या वहीत त्याचं नाव येणार नाही. पडला तर तो तिथे नव्हताच. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनं चौदा ते अठराच्या मुलांना धोक्याच्या कामांना बंदी केली. बाकी ठिकाणी विश्रांतीसकट सहा तास, संध्याकाळी सातनंतर काम नाही, ओव्हरटाइम नाही आणि एका दिवसात दोन ठिकाणी काम नाही. गिरणीच्या पोरांची दोन नावं मला तिथे आठवली. मजुरीचं कलम त्या कायद्यातही नाही.

पनवेल आणि उरणच्या मागे, रायगडच्या आत गेलं की दिवाळीनंतर कातकरी वाड्या रिकाम्या होतात. माणसं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, पाऊस तोंडावर आला की परततात. आठवड्याला खर्ची मिळते, ती उचलीत धरली जाते आणि मोजदाद हजार विटांवर होते. पंधरा वर्षांची पोर दिवसभर चिखल तुडवते, विटा पालथ्या घालते. तिच्या विटा बापाच्या हजारात मिळतात. हंगामाच्या शेवटी हिशेबाला बसतात तेव्हा तिचा वेगळा आकडा नसतो, म्हणून तो कमी दिला असंही कोणी म्हणू शकत नाही. तेहेतीस सालच्या कायद्यानं जे ओळखलं होतं ते भट्टीवर अजून तसंच बसलेलं आहे, फक्त गहाणखत लिहिलेलं नसतं.

शेजारची इमारत पावसाआधी स्लॅबपर्यंत आली आणि तो पोरगा जायला निघाला. माय-बाप जालन्याकडे, पेरणीला परत जायचं होतं. जायच्या आदल्या दिवशी तो फाटकाशी भेटला. या वेळी मी वय विचारलं नाही. म्हटलं, "रोज किती पडतो रे तुला?"

अठरा सांगताना तोंड उघडलं होतं तसं ते उघडलं नाही. खांद्यावरचं घमेलं त्यानं खाली ठेवलं, अंगठ्यानं त्याच्या कडेचं वाळलेलं सिमेंट खरवडत राहिला.

"ते मुकादमाला ठावं, काका," तो म्हणाला. "हिशेब गावाकडं होतो."